अलीमुरादचा कमानचा

“पेशकश,” अलीमुराद म्हणाला, आणि दोन्ही हातांवर आडवा धरलेला कमानचा त्यानं माझ्यापुढे केला.

मी म्हटलं, “नको, नको, भलतंच काय.”

त्यानं मान खाली घातली आणि पुन्हा म्हणाला, “तुमच्या लायकीचा नाही, पण पेशकश.”

मी हात पुढे केला आणि घेतला.

घेतला म्हणजे घेतलाच. मांडीवर ठेवून तारांवरून बोटसुद्धा फिरवलं. त्या खोलीत आम्ही चौघंच होतो. गादीवर उशांना टेकून अलीमुरादची बहीण गुलअंदाम बसली होती, तिला तपासायला मी आलो होतो. माझी बॅग धरून दवाखान्यातला कंपाउंडर हुशंग दारापाशी उभा होता. गुलअंदामनं पांघरूण जरा वर ओढून घेतलं. अलीमुरादचे हात मात्र तसेच राहिले होते, रिकामे, तळवे वर करून. मग ते त्यानं गुडघ्यांवर ठेवले आणि म्हणाला, “मुबारक असो, आगा डॉक्टर.” आगा म्हणजे आपल्याकडचं साहेब.

हे एकोणीसशे शहात्तरचं. इराण सरकारला तेव्हा खेड्यापाड्यांत डॉक्टर पाहिजे होते आणि आम्हाला परदेश पाहिजे होता. मी सांगलीचा, धनपाल मगदूम. खुर्रमाबादच्या पुढे दोन तासांवर, डोंगरातल्या एका लहानशा गावी सरकारी दवाखान्यावर माझी नेमणूक होती. बरोबर बायको, त्रिशला. आम्ही जैन, तेव्हा त्या मटणाच्या मुलखात आमचं जेवण म्हणजे रोटी, दही, अक्रोड आणि सांगलीहून डबे भरून आणलेली चटणी. सव्वा वर्ष असं निभावलं होतं बघा. फारसी मला मोडकीतोडकी का होईना, यायला लागली होती. निम्मे शब्द तर आपलेच निघाले, बाजार काय, दरवाजा काय, जखम काय.

आणि मी व्हायोलिन वाजवायचो. मिरजेला एका बुवांकडे चांगली सात वर्षं शिकलो. सातव्या वर्षी बुवा मला म्हणाले, “डॉक्टर, तुमचा हात इंजेक्शनला चांगला आहे.” आमच्या संगीत मंडळातल्या लोकांना हे वाक्य वर्षभर पुरलं. कोणीही आलं की चहाबरोबर तेच वाढायचे. मीही हसायचो त्यांच्यात. पण ते वाक्य लागलं होतं मला.

तर हा कमानचा. मी तो पहिल्यांदा गल्लीतून ऐकला, गुलअंदामच्या घरी निघालो असताना. आवाज थोडा नाकातला, थोडा घोगरा, माणूस रडून झाल्यावर बोलतो तसा. मी तिथंच थांबलो. आत गेलो तर हा साठी उलटलेला माणूस बहिणीच्या उशाशी बसून वाजवत होता. मोठ्या नारळाएवढं गोल पोट, तुतीच्या लाकडाचं. त्यावर कोकराचं पातळ कातडं. वर लांब दांडी, चार तारा, आणि बुडाला एक लोखंडी सळी. ती सळी मांडीवर टेकवून वाद्य उभं धरायचं. आपण व्हायोलिनला गज या तारेवरून त्या तारेवर नेतो ना, तसं तो करत नव्हता. त्याचा गज होता तिथंच चालायचा, आणि तार बदलायची असली की तो कमानचाच सळीवर किंचित वळवायचा. जणू वाद्यच मान वळवून गजाकडे बघत होतं.

बहीण-भाऊ दोघंच राहायचे. त्याची बायको केव्हाच वारली होती, तिचं लग्नच झालं नव्हतं. गावात कोणाचं लग्न असो की मयत, गुलअंदाम गाणं म्हणायची आणि अलीमुराद मागून कमानचा धरायचा, अशी चाळीस वर्षं गेली होती. आता तिच्या हृदयाची झडप बिघडली होती. पायांवर सूज, चार पावलं टाकली की धाप. गाणं बंद झालं होतं. भाऊ वाजवायचा आणि ती नुसते ओठ हलवायची. आठवड्यातून दोनदा मी तिला बघायला जायचो आणि खरं सांगायचं तर तपासण्यापेक्षा ऐकण्यात माझा जास्त वेळ जायचा.

त्या दिवशी मी तोंड भरून कौतुक केलं. म्हटलं, असं वाद्य मी जन्मात पाहिलं नाही. म्हटलं, असा एक माझ्याकडे असता तर काय पाहिजे होतं. त्यावर तो पेशकश म्हणाला.

परत येताना हुशंग बॅग घेऊन चार पावलं पुढे चालला. एरवी तो पोरगा अखंड बडबडायचा. नाल्याजवळ आल्यावर म्हणाला, “आगा डॉक्टर, आमच्याकडे तीनदा नको म्हणतात.”

“मी म्हटलं की नको.”

“एकदाच म्हणालात.”

“तो दोनदा म्हणाला ना, घ्या म्हणून?”

“त्याला म्हणावंच लागतं. तुम्ही त्याच्या घरात त्याच्या वस्तूची तारीफ केलीत. तो दुसरं काय म्हणणार?”

“मला बाबा काय माहीत तुमच्या रीती,” मी म्हटलं.

हुशंगनं माझ्याकडे बघितलं. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, “अजून काही बिघडलेलं नाही. उद्या घेऊन जा. म्हणा, माझी ठेव म्हणून तुमच्याकडे राहू द्या. त्याचाही मान राहील, तुमचाही.”

“बघू,” मी म्हटलं.

घरी त्रिशला मसूर निवडत बसली होती. मी कमानचा भिंतीवरच्या खिळ्याला लावला आणि दोन पावलं मागे येऊन बघत राहिलो.

“कुणाचं हे?” तिनं विचारलं.

“माझं. अलीमुरादनं भेट दिलं.”

“त्यांचं स्वतःचं?”

“होय की.”

“मग ते काय वाजवणार?”

मी म्हटलं, “असेल की दुसरं एखादं.”

“विचारलंत?”

“अगं, दिलं त्यानं. मी काय हिसकावून घेतलं का?”

त्रिशलानं ताटातला एक खडा उचलून बाजूला टाकला. आमच्याकडे लहानपणापासून कानावर पडलेलं असतं, न दिलेलं घ्यायचं नाही म्हणून. मी मनात म्हटलं, हे तर दिलेलं आहे, दोनदा म्हणून दिलेलं आहे. त्याच संध्याकाळी बसून मी आमच्या मंडळाचे चिटणीस आरवाडे यांना चार पानी पत्र लिहिलं. नोव्हेंबरात रजेवर येतोय, बरोबर असं वाद्य आणतोय की सांगली-मिरजेत कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नसेल, आणि ते मी स्वतः वाजवणार आहे.

त्यानंतर अलीमुराद दर शुक्रवारी दुपारी आमच्याकडे यायला लागला. शुक्रवारी तिथं सुटी. रिकाम्या हातानं कधी आला नाही. कधी दही, कधी अंजिरं, कधी फडक्यात बांधलेले अक्रोड. सतरंजीवर बसायचा, चहा घ्यायचा, आणि भिंतीकडे बघून विचारायचा, “त्याची तब्येत कशी आहे?” लेकीच्या सासरी आलेला बाप जसा जपून विचारतो तसं. मी कमानचा काढून त्याच्या हातात द्यायचो. तो खुंट्या पिळून सूर लावायचा, पुसायचा, आणि पुन्हा माझ्या हातात द्यायचा. सुरापुरता गज फिरवायचा, त्यापुढे एक ओळसुद्धा कधी वाजवली नाही त्यानं माझ्या घरात.

उलट मलाच शिकवायचा. “मनगट सैल, आगा डॉक्टर. गज ओढू नका, जाऊ द्या त्याला. तुम्ही वाद्याला वळवत नाही, स्वतःच वळताय.” मी घाम पुसत वाजवायचो आणि तो मान डोलवायचा. एकदा मी विचारलंच, “तुमच्याकडे दुसरा आहे ना?”

“आहे, आहे,” तो म्हणाला.

मला हायसं वाटलं. हुशंगनं दुसऱ्या दिवशी सांगितलं की त्याच्याकडे दुसरा नाही, कधीच नव्हता, हा त्याच्या बापाचा होता. मी हुशंगला म्हटलं, तू आपलं ड्रेसिंगचं बघ. गुलअंदामला तपासायला जायचो तेव्हा ती पण विचारायची, खुशीत आहे ना तो तुमच्याकडे. मी नाडीवर बोटं ठेवून म्हणायचो, अगदी खुशीत आहे.

दर शुक्रवारी मला वाटायचं, आज म्हणून टाकावं. तुमच्याकडेच ठेवा, माझी ठेव म्हणून. एवढं एक वाक्य. तो त्यासाठीच येतो हे मला कळत होतं, आणि मला कळतंय हे त्यालाही कळत असणार. तो उठून गेला की मी स्वतःला म्हणायचो, पुढच्या शुक्रवारी.

महिन्याभरानं आरवाड्यांचं पाकीट आलं. आत छापील कार्ड होतं. ‘इराणचे दुर्मिळ वाद्य कमानचा : परिचय व वादन, डॉ. धनपाल मगदूम.’ खाली तारीख, सभागृह, वेळ, आणि चहापान. बुवांना खास आमंत्रण दिल्याचं पत्रात लिहिलं होतं. ते कार्ड मी किती वेळा वाचलं असेल त्याला हिशेब नाही. दाढी करताना आरशाच्या कडेला लावून वाचलं. तो कार्यक्रम पुढे झाला, टाळ्याही पडल्या, बुवा पुढच्या रांगेत बसले होते. त्याबद्दल मला काही सांगायचं नाही.

रजेला दहा दिवस उरले तेव्हा मी कमानचा भिंतीवरून काढला, कापसात गुंडाळला आणि मोठ्या ट्रंकेत माझ्या कोटाखाली ठेवून दिला.

आणि सोमवारी भरदुपारी अलीमुराद आला. मी जेवायला बसणार होतो. हातात काही नव्हतं त्याच्या, पहिल्यांदाच. उंबऱ्याच्या आत यायला तयार होईना.

“गुलअंदामला दोन दिवस झोप नाही,” तो म्हणाला. “आडवी झाली की श्वास अडकतो. बसूनच असते. काल मला म्हणाली, आपली आई म्हणायची तो सूर ऐकव.” उंबऱ्याकडे बघत पुढे म्हणाला, “तुमचा कमानचा दोन दिवस मिळाला असता तर. तुमचाच आहे. वाजवतो आणि परत आणून देतो. डोक्यावर ठेवून आणतो.”

मी दारात उभा होतो. माझ्या मागे पडदा, पडद्यामागे आतली खोली, खोलीत ट्रंक. त्या एका क्षणात माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं ते मी आज शब्दाला शब्द सांगू शकतो. हा एकदा त्या घरात गेला की तिच्या उशाशी राहणार. मरणाला टेकलेल्या बाईच्या उशाशी असलेली वस्तू मला परत मागता येणार नाही. दहा दिवसांत मला निघायचंय. कार्ड छापून झालंय. बुवा येणार आहेत.

“अरेरे,” मी म्हटलं. “मी तर तो पाठवला हो. परवाच. आमच्याकडचे एक डॉक्टर तेहरानहून विमानानं निघाले होते, त्यांच्याबरोबर दिला पाठवून हिंदुस्थानात.”

अलीमुरादनं उजवा हात छातीवर ठेवला. “बरं केलंत,” तो म्हणाला. “नीट धरतील ना ते? दांडीला धरून उचलू नये त्याला.”

“मी सांगितलंय त्यांना.”

“मुबारक असो तुमच्या घरच्यांना.” तो वळला. मी पाठीमागून म्हटलं, “गोळ्या वेळेवर द्या. उद्या येऊन जातो मी.” त्यानं मागे न बघता हात वर केला.

मी आत आलो. त्रिशला पडद्याला लागून उभी होती, हातात माझं वाढलेलं ताट. तिला फारसी येत नव्हती फारशी, पण एवढी येत होती.

“अहो, ते आत ट्रंकेत आहे,” ती म्हणाली.

“हळू बोल.”

“आत्ताच्या आत्ता जा. ते कोपऱ्यापर्यंतसुद्धा गेले नसतील. म्हणावं, चुकलं माझं.”

“आणि सांगलीत काय तोंड दाखवू? कार्डं वाटून झालीत.”

“ती बाई मरायला टेकलीय.”

“मला कळतंय ते. डॉक्टर मी आहे. पण त्यानं ते मला दिलंय, त्रिशला. रीतसर दिलंय. मला काय माहीत होत्या का ह्यांच्या रीती—”

“माहीत होत्या,” त्रिशला म्हणाली.

ती आवाज चढवून बोलली नाही. ताट खाली ठेवलं आणि म्हणाली, “आल्यावर पहिल्या महिन्यात घरमालकिणीचा चहाचा समोवार मला आवडला म्हणून मी बोलले. ती म्हणाली पेशकश. मी तर घाबरलेच. तुम्ही किती हसलात मला. म्हणालात, अगं, घ्यायचं नसतं ते, तीनदा नको म्हणायचं असतं, आपल्याकडे दारात आलेल्याला जेवून जा म्हणतात तसं आहे. आईंना पत्रात पण लिहिलंत ते. मीच टाकलं ते पत्र पेटीत.”

तुम्हाला आत्तापर्यंत मी हे सांगितलं नव्हतं. हुशंगला मी म्हटलं होतं मला काय माहीत, आणि तुम्हीही ते खरं धरून चालला असाल. खरं नव्हतं ते. अलीमुराद दुसऱ्यांदा पेशकश म्हणाला तेव्हा मला पक्कं ठाऊक होतं की आता दोनदा अजून नको म्हणायचं आहे. मी मनात मोजलंसुद्धा. आणि त्याला तिसऱ्यांदा म्हणायला लागू नये एवढ्या घाईनं मी हात पुढे केला.

मी जेवलो त्या दिवशी. त्रिशला जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी मी गुलअंदामकडे गेलो नाही. दवाखान्यात गर्दी आहे म्हणालो आणि हुशंगला पाठवलं. तो परत येऊन म्हणाला, “पाय फार सुजलेत, आगा डॉक्टर. तुम्ही बघायला पाहिजे.” मी म्हटलं, उद्या जातो. बुधवारी एक बाळंतीण आली, तिचं कारण मिळालं. हुशंग पुन्हा जाऊन आला. मला त्या घरात जायचंच नव्हतं. तिनं नाडी माझ्या हातात देऊन विचारलं असतं, पोचला का हो तो नीट, तर मी काय बोललो असतो.

गुरुवारी सकाळी दवाखान्याच्या पायरीवर हुशंग माझी वाट बघत उभा होता. “पहाटे गेली,” तो म्हणाला.

मी जाऊन ती वाचली असती असं नाही. झडप पार निकामी झाली होती, हे मी आधीच अलीमुरादला सांगून ठेवलं होतं. पण लघवीचं औषध वाढवायला हवं होतं. तेवढं केलं असतं तर अंगातलं पाणी उतरलं असतं आणि शेवटचे दोन दिवस तिला आडवं होऊन झोपता आलं असतं. ते औषध वाढवणं हुशंगच्या हातात नव्हतं, माझ्या होतं. पस्तीस वर्षं डॉक्टरकी केली मी, माझ्या हातून माणसं गेली नाहीत असं नाही. पण वाद्यापायी मी कुणाकडे जायचा राहिलो, अशी ही एकच.

दफन दुपारीच उरकलं. मी खिडकीतून बघितलं. गावातल्या बायका पुढे आल्या होत्या, त्यांच्यातलं म्हणणारं माणूसच आज खांद्यावर होतं. हुशंग जाऊन आला होता. मी विचारलं नव्हतं तरी म्हणाला, “लोक अलीमुरादला म्हणत होते, बहिणीसाठी वाजव. शेजारच्या गावातून कमानचा आणायला एक जण निघालाही होता. अलीमुरादनं नको म्हटलं.”

“का?”

“म्हणाला, माझा हिंदुस्थानच्या वाटेवर आहे. तिथं त्याला मोठा मान मिळणार आहे.” हुशंग हात धुवायला निघून गेला.

शुक्रवार उजाडला. मी उठलो तेव्हा त्रिशलानं ट्रंक उघडली होती. माझे कोट, शर्ट सगळे पलंगावर. कापूस सोडवून कमानचा तिनं आतल्या खोलीत खुर्चीवर उभा ठेवला होता, शेजारी गज.

“आज तुम्ही जायचं,” ती म्हणाली. “मी पण येते बरोबर. तुम्हाला बोलता येत नसलं तर मी बोलते, येईल तसं. हे त्यांच्या हातात द्यायचं आणि मग बसून दुखवट्याचं बोलायचं.”

मी बरं म्हटलं. अंघोळ केली. पांढरा शर्ट घातला. मी जाणार होतो, असं मला आजही वाटतं. बूट घालायला वाकलो आणि दारावर थाप पडली.

अलीमुराद होता. काळा सदरा, दाढीचे खुंट वाढलेले, काखेत एक गाठोडं. हात धरून त्याला बाहेरच्या खोलीत आणलं आणि सतरंजीवर बसवलं. तो बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि म्हणाला, “आभार मानायला आलो. तुम्ही तिच्यासाठी फार केलंत. तुमचे हात कधी दुखू नयेत.”

मी मान खाली घातली. त्याला वाटलं असेल, दुःखानं घातली.

मग त्यानं गाठोडं सोडलं. आत लोकरीची विणलेली गवसणी होती, लाल आणि काळ्या पट्ट्यांची. पोटाच्या जागी गोल, वर निमुळती, खाली सळीसाठी वेगळा चामड्याचा तुकडा शिवलेला. आपल्याकडे तंबोऱ्याला असते तशीच, फक्त लहान.

“गुलअंदामनं विणली,” तो म्हणाला. “तुम्ही तो नेलात त्याच आठवड्यात बसली विणायला. म्हणाली, डॉक्टर एवढ्या लांब घेऊन जाणार, उघडा कसा जाईल तो. धाप लागली की ठेवायची, बरं वाटलं की घ्यायची. शेवटची कड राहिली होती, ती काल मी घातली. मला नीट जमलेली नाही.” त्यानं ती कड मला बोटानं दाखवली. “तो पुढे गेलाय, तर ही तुम्ही मागाहून न्या.”

मी ती घेतली. नको म्हणायचंही मला सुचलं नाही, एकदासुद्धा.

तेवढ्यात त्रिशला चहा घेऊन आली. दोन्ही हातांत तबक, त्यामुळे तिनं पडदा खांद्यानं सारला, आणि तो तिच्या मागे परत खाली पडला नाही, दाराच्या कडीला अडकून राहिला. तिच्या मागे आतली खोली सताड उघडी. खिडकीतलं ऊन खुर्चीवर, आणि खुर्चीवर कमानचा.

अलीमुरादनं चहाचा पेला घ्यायला मान वर केली आणि त्याला तो दिसला. त्याला दिसताना मला दिसलं. त्याचा हात पेल्यापाशी थांबला. त्रिशलानं त्याच्या नजरेमागे वळून बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानं पेला घेतला. तो खाली ठेवला. मग एक हात जमिनीवर टेकवून तो उठला, सतरंजीला वळसा घालून माझ्या या बाजूला आला आणि आतल्या दाराकडे पाठ करून बसला.

“तिथं ऊन लागत होतं,” तो म्हणाला.

त्या बाजूला ऊन नव्हतं.

“तुमच्या घरच्यांना काही गोष्टी कळवा,” तो पुढे म्हणाला. तो माझ्याकडे बघत नव्हता, माझ्या मांडीवरच्या गवसणीकडे बघून बोलत होता, सावकाश, लिहून घेणाऱ्याला सांगावं तसं. “तुमच्याकडे हवा दमट आहे म्हणता. कातडं सैल पडेल. पडलं तर चुलीजवळ नेऊ नये, फाटतं. पोटाशी धरून बसावं थोडा वेळ, अंगाच्या उबेनं ताणलं जातं. तारांखालची घोडी तिरकी बसवलेली आहे. कोणाला वाटेल चुकून तिरकी झाली, सरळ करायला जाईल. करू देऊ नका. तारा सगळ्या एकदम उतरवू नयेत. आणि भिंतीला नुसता टांगून ठेवला तर आवाज आत जातो त्याचा. कोणीतरी रोज थोडं वाजवलं पाहिजे. चांगलंच वाजवलं पाहिजे असं नाही.”

त्रिशला तशीच उभी होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. ती माझ्याकडे बघत होती. मला फक्त उठायचं होतं. चार पावलं आत जायचं, खुर्चीवरून तो उचलायचा आणि ह्याच्या मांडीवर आणून ठेवायचा. बोलायचीसुद्धा गरज नव्हती. पण उठलो असतो तर तो तिथं आहे हे मला कबूल करावं लागलं असतं, आणि ह्या माणसानं एवढी पाठ फिरवून माझी अब्रू झाकली होती. ती मला त्या वेळी त्याच्या बहिणीपेक्षा, त्याच्यापेक्षा, सगळ्यांपेक्षा मोठी वाटली.

“सगळं लक्षात राहील ना, आगा डॉक्टर?” अलीमुरादनं विचारलं.

“कळवतो,” मी म्हटलं. “आजच पत्र टाकतो.”